विद्यार्थ्याची रोजनिशी

गेल्या हिंवाळ्यांत, सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातावेगळा करून, प्रस्तुत लेखकास कांहीं घरगुती कामासाठीं पुण्याहून दौंडास जावें लागलें. डब्यांत समोरच्या बांकावर पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा मोबाईलवर दोन्ही अंगठ्यांनीं भराभर कांहीं लिहीत बसला होता. मास्तरकींत तीस वर्षें घालविलेल्या माणसाची जीभ अशा वेळीं गप्प राहत नाहीं. ‘काय लिहितोस रे?’ म्हणून मीं विचारलें. ‘ब्लॉग, सर,’ तो म्हणाला. मी शिक्षक आहें हें त्यानें कशावरून ओळखलें याचें नवल करीत असतांच तो सांगूं लागला कीं, शाळेंतल्या बाईंनीं वर्गांतल्या प्रत्येकास दर आठवड्यास स्वतः केलेल्या किंवा पाहिलेल्या एका गोष्टीवर लिहावयास सांगितलें आहे, आणि एकानें लिहिलेलें बाकीच्या सर्वांनीं वाचावें असा नियम आहे. ‘मग या आठवड्याचा विषय काय?’ ‘आमच्या गुऱ्हाळाचें इंजिन. चरकाचा पट्टा सारखा सुटतो.’ इतकें बोलणें होतें न होतें तोंच केडगांव आलें. मुलगा दप्तर सांवरीत उतरला, आणि गाडी हलतां हलतां त्यानें खिडकीशीं येऊन आपल्या पानाचें नांव मला ओरडून सांगितलें.

त्यास मला एक गोष्ट सांगावयाची होती, ती राहूनच गेली. ज्या स्टेशनावर तो उतरला त्याच्या जवळच शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं खेड्यापाड्यांतल्या मुली बसून छापखान्याचे खिळे जुळवीत असत. दौंड आणि शिरूर हे दोन तालुके पुणेकरांच्या बोलण्यांत येतात ते बहुधा जंक्शन, साखर, रांजणगांवचा गणपति आणि तेथील कारखाने एवढ्यापुरतेच. विद्यार्थ्याच्या हातीं स्वतःचें लेखन जगापुढें मांडण्याचें साधन कसें आलें, या इतिहासाचीं दोन महत्त्वाचीं पानें या तालुक्यांत लिहिलीं गेलीं आहेत, हें सुशिक्षितांच्याही सहसा ध्यानांत नसतें. तीं पानें उलगडून पाहावीं एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या परक्या शब्दाविषयीं दोन शब्द. ‘ब्लॉग’ हा ‘वेबलॉग’ या १९९७ सालच्या शब्दाचा १९९९ सालीं झालेला संक्षेप होय. त्यांतील ‘लॉग’ म्हणजे मूळचा लांकडाचा ओंडका. गलबताचा वेग मोजण्यासाठीं खलाशी गांठी मारलेल्या दोरीस लांकडाची फळी बांधून ती पाण्यांत टाकीत व ठराविक वेळांत किती गांठी हातांतून सुटल्या तें मोजीत. तो आंकडा ज्या वहींत नोंदवावयाचा, तिलाही तेंच नांव पडलें. तात्पर्य, या शब्दाच्या मुळाशीं कल्पनाविलास नाहीं. मोजमाप आहे, आणि मोजलेलें त्याच दिवशीं लिहून ठेवण्याची शिस्त आहे. आपल्याकडे यास ‘रोजनिशी’ हा चांगला शब्द पूर्वींपासून आहे. अलीकडे कोणी ‘अनुदिनी’ असेंही म्हणतात. पेशव्यांच्या दप्तरांतील रोजकीर्दी ज्यांनीं चाळल्या असतील त्यांस हें सांगणें नको कीं, मराठी माणूस रोजची नोंद ठेवण्यांत कोणास हार जाणारा नव्हता. पण ती नोंद कारकुनानें धन्यासाठीं केलेली असे. शिकणाऱ्या पोरानें आपण काय केलें तें लिहावें व तें चार लोकांनीं वाचावें, ही कल्पना त्या दप्तरांत कोठेंही सांपडावयाची नाहीं.

पंतोजीच्या शाळेंत तर ती सांपडणें शक्यच नव्हतें. तेथें पोरगा लिही तो धूळपाटीवर. बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें, पंतोजीनें पाहावयाचें, आणि तळव्यानें धूळ सारखी करून पुढचें अक्षर काढावयाचें. साधन अत्यंत स्वस्त; इतकें कीं अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेस असलेल्या अँड्र्यू बेल नांवाच्या पाद्र्यानें देशी शाळेंतलीं मुलें वाळूवर अक्षरें गिरवितांना पाहिलीं, तेव्हां ती युक्ति आणि मोठ्या मुलांनीं लहानांस शिकविण्याची रीत या दोन्ही त्यानें उचलल्या, व विलायतेंत त्यांची एक नवी शिक्षणपद्धति म्हणून वाखाणणी झाली. परंतु धुळीवर लिहिलेलें टिकत नाहीं हा त्या साधनाचा गुण तोच दोषही होता. विद्यार्थ्याच्या हातचें कांहीं शिल्लक राहावें अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

छापखाना आला आणि ही स्थिति पालटूं लागली. पण लगेच नव्हे, आणि सर्वांसाठीं तर नव्हेच. मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयाच्या तरुणांनीं १८४८ सालीं साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठीं एक सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते, व तिच्यांतूनच १८५० सालीं ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक निघालें. सभेंत निबंध वाचावयाचा, त्यावर खल करावयाचा आणि मग तो छापावयाचा, हा क्रम आजच्या कोणत्याही महाविद्यालयानें अभिमानानें सांगावा असा आहे. तरी हे विद्यार्थी मुंबईचे, इंग्रजी शिकलेले आणि बहुतेक वरच्या वर्गांतले होते. त्यांच्या लेखांत पृथ्वीचा आकार आहे, व्यापाराचे नियम आहेत. लेखकाचें स्वतःचें घर मात्र फारसें दिसत नाहीं.

घर दिसलें तें १८५५ सालीं, आणि तेंही ज्या घराकडे कोणी पाहत नव्हतें तें. पुण्यास फुले दांपत्यानें चालविलेल्या शाळेंतील मुक्ता साळवे नांवाच्या मुलीचा, मांग व महार यांच्या दुःखांविषयींचा निबंध त्या वर्षीं ‘ज्ञानोदय’ पत्रानें दोन अंकांत छापला. ही मातंग समाजांतली लहान मुलगी. ज्यांस धर्मग्रंथ ऐकण्याचीही मनाई त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिनें त्या निबंधांत उभा केला. आमच्या पिढीस शाळेंत हें नांव कोणी सांगितलें नाहीं. मीं तो निबंध प्रथम वाचला तेव्हां माझें वय चाळिशीच्या पलीकडे गेलें होतें, आणि मराठी गद्याच्या इतिहासावर मी दहा-बारा वर्षें व्याख्यानें देत होतों. याची लाज मला अजून वाटते. त्या लेखनाचें बळ भाषेच्या सफाईंत नाहीं. लिहिणारीला जें ठाऊक होतें तें दुसऱ्या कोणास तिच्याइतकें ठाऊक असणें शक्य नव्हतें, आणि तें छापणारा कोणी एक भेटला, एवढेंच त्याचें रहस्य. विद्यार्थ्याच्या लेखनाची कसोटी कोणती म्हणून विचाराल तर याहून वेगळी मला सांगतां येणार नाहीं.

‘ज्ञानोदय’ हें अमेरिकन मराठी मिशनचें पत्र. तें १८४२ सालीं अहमदनगरास निघालें. पुणें-नगर रस्त्यावरील शिरूर हें त्याच मिशनचें एक ठाणें होतें. शिरूरची ख्याति तोंपर्यंत छावणीचें गांव म्हणून. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवीं लढली ती तुकडी आदल्या रात्रीं याच छावणींतून निघालेली. त्या घोडनदीकांठच्या गांवीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मिशननें मुलांस हस्तव्यवसाय शिकविणारी शाळाही चालविली. हात आणि डोकें यांची फारकत करूं नये हा विचार शिरूर तालुक्यास तेव्हांपासून अगदींच अपरिचित नव्हता, एवढें नोंदवून पुढें जावयास हरकत नाहीं.

आतां केडगांव. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणलें. त्यांच्या धर्मांतरावरून आणि सदनांतील मुलींवरून महाराष्ट्रांत जो वाद पेटला तो वाचकांस माहीत आहे; त्यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों निराधार मुली व बायका आणिल्या, आणि त्यांच्यासाठीं केडगांवच्या माळावर ‘मुक्तिसदन’ उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. एवढ्या जणींस जगवावयाचें कसें आणि शिकवावयाचें काय, या दोन्ही प्रश्नांस रमाबाईंनीं एकच उत्तर दिलें. शेतीभाती, विणकाम, दुभतीं जनावरें, तेलाचा घाणा यांबरोबर त्यांनीं छापखाना घातला, आणि तो मुलींच्या हातीं दिला.

ज्यांनीं जुना छापखाना पाहिला नसेल त्यांस यांतलें धाडस समजावयाचें नाहीं. इंग्रजीची सव्वीस अक्षरें. लहान-मोठीं धरून दुप्पट. देवनागरीच्या पेटींत काने, मात्रा, रफार आणि जोडाक्षरें मिळून खिळ्यांचे शेंकडों खण असत. कोणता खिळा कोठें तें हातास पाठ पाहिजे. शिवाय खिळ्यावरचें अक्षर उलटें, आरशांत दिसावें तसें. म्हणजे जुळारीण झालेल्या मुलीस मजकूर उलटा वाचतां यावा लागे, शुद्धलेखन पक्कें असावें लागे, आणि शब्द कोठें तोडावा हें कळावें लागे. दोन-तीन वर्षांपूर्वीं जिला अक्षरओळख नव्हती अशी दुष्काळांतून आलेली मुलगी हें काम करूं लागली, हें नीट ध्यानांत घ्यावें. रमाबाईंनीं आयुष्याच्या अखेरच्या काळांत मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. तें याच बायकांनीं जुळविलें आणि छापलें. काम पुरें होतांच ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या. तो ग्रंथ श्रद्धेनें वाचणारे वाचोत. शिक्षणाच्या इतिहासकारानें मात्र त्याकडे एका शाळेचा प्रचंड गृहपाठ म्हणूनही पाहावें असें मला वाटतें.

केडगांवची आणखी एक गोष्ट याहून कमी प्रसिद्ध आहे. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनीं ब्रेल लिपि शिकून घेतली आणि मुक्तिसदनांतील आंधळ्या बायकांस ती शिकविण्यास आरंभ केला. दौंड तालुक्यांत त्या काळीं डोळस बायकांतही वाचणाऱ्या किती निघाल्या असत्या? त्याच तालुक्यांत आंधळी बाई बोटांनीं वाचूं लागली. नव्या साधनाचें स्वागत करावें कीं त्यास भ्यावें, असा वाद शिक्षकांच्या सभांतून आजही ऐकूं येतो. तो ऐकतांना मला पुष्कळदां ह्या बायका आठवतात. साधन ज्याच्यासाठीं पहिलेंच असतें त्यास हा प्रश्न पडत नाहीं.

यानंतरचा मोठा काळ मला भरभर ओलांडावा लागत आहे, कारण त्यांत विद्यार्थ्याच्या लेखनाचें सांगण्यासारखें थोडें आहे. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगांतून शिक्षणाची योजना मांडली; १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें, ज्याचे सचिव आपले जे. पी. नाईक होते, शाळेंत कार्यानुभव असावा अशी शिफारस केली. शाळांनीं त्याचें काय केलें तें ज्यानें त्यानें आपल्या घरच्या कार्यानुभवाच्या वहीवरून ओळखावें.

एक गोष्ट मात्र बहुतेक शाळांतून टिकून होती, ती म्हणजे हस्तलिखित. आमच्या खेड्यांतल्या शाळेंतही दरवर्षीं एक निघे: सुवाच्य अक्षराच्या मुलाकडून लिहविलेलें, वेलबुट्टी काढलेलें, आणि गॅदरिंगच्या दिवशीं टेबलावर मांडून नंतर कपाटांत बंद केलेलें. आठवींत असतांना मीं त्यांत एक लेख दिला होता. आमच्या विहिरीचें काम चाललें होतें. पहार, सुरुंग, यारी, यारीच्या बादलींतून वर येणारा मुरूम, आणि सुरुंग उडण्यापूर्वीं दिलेली आरोळी, हें सगळें मीं लिहिलें. मास्तरांनीं ‘यारी’ खोडून ‘यंत्र’ केलें, आरोळी काढून टाकली, आणि शेवटीं ‘पाणी हें जीवन आहे’ असें एक वाक्य स्वतःच घातलें. लेख छान झाला म्हणून पाठही थोपटली. मास्तर भले होते. त्यांचा दोष नव्हता. लेखन म्हणजे आपल्या घरांत बोलत नाहींत तसें बोलणें, अशीच त्या वेळची शिकवण होती. मला मात्र पुढें पंचवीस वर्षें ‘यारी’ हा शब्द कागदावर काढण्याचा धीर झाला नाहीं.

त्याच सुमारास, आमच्यापासून फार दूर नव्हे, शिरूर तालुक्यांतल्या पाबळास एक गृहस्थ येऊन राहिले. पाबळ हें बाजीरावानें मस्तानीस दिलेलें गांव. तिची कबर तेथें आहे, आणि पुष्कळांस पाबळ ठाऊक आहे तें तेवढ्यापुरतेंच. गांवचा भाग अवर्षणाचा. त्या गांवीं १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं ‘विज्ञान आश्रम’ काढला. हे अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे पीएच. डी.; मुंबईस हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधनशाळेंत मोठ्या अधिकारावर काम केलेले. अशा माणसानें पन्नाशी उलटल्यावर शहरांतलें बिऱ्हाड मोडून पाबळच्या माळावर यावें, हें त्यांच्या ओळखीच्या लोकांस वेडेपणाचें वाटलें असल्यास नवल नाहीं. नाईकांनीं स्थापिलेल्या भारतीय शिक्षण संस्थेनें त्यांस आश्रय दिला, आणि आश्रम त्या संस्थेचें केंद्र म्हणून चालूं लागला.

कलबागांचा सिद्धांत साधा होता. मूल शाळेबाहेर जें शिकतें तें करून शिकतें. मग शाळेंतच तें ऐकून कां शिकावें? शाळा सोडलेलीं, नापास झालेलीं मुलें त्यांनीं घेतलीं, एक वर्ष आश्रमांत ठेवलीं, आणि शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य या चार विभागांतून फिरविलीं. लोखंड जोडणें, विजेची जोडणी, मातीची तपासणी, जमिनीचा विद्युत्-रोध मोजून पाण्याचा अंदाज घेणें, हीं कामें मुलांनीं खोटींखोटीं करावयाचीं नाहींत. गांवकऱ्यांचीं खरीं कामें घेऊन, त्यांचा आराखडा काढून, खर्चाचा अंदाज बांधून, मोबदला घेऊन करावयाचीं. जीपचे भाग वापरून लहान ट्रॅक्टर बांधण्याचा प्रयोगही तेथें झाला. ज्या मुलास वर्गांत अपूर्णांक येत नव्हते त्यास पत्रा कापतांना ते आले, याचें आश्चर्य वर्गांतल्या मास्तरास वाटेल; सुताराच्या मुलास वाटणार नाहीं.

या पद्धतींत वही अपरिहार्य होते. खरें काम म्हटलें कीं किती माल लागला, किती वाया गेला, अंदाज किती चुकला हें लिहावेंच लागतें. न लिहिलें तर गिऱ्हाईक भांडतें. विद्यार्थ्याच्या रोजनिशीस मराठी शिक्षणांत प्रथमच असा वाचक मिळाला कीं, ज्यास ती खरी असण्याची गरज होती. परीक्षकास ती गरज नसते. मी तीस वर्षें परीक्षक आहें, म्हणून जबाबदारीनें लिहितों.

पुढें २००२ सालीं एक गंमत झाली. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनीं अशी कल्पना काढली होती कीं, संगणकावर आराखडा काढून यंत्राकडून वस्तु कापून घेण्याचीं साधनें कारखान्यांपुरतीं न ठेवतां सामान्य लोकांच्या हातीं द्यावीं. अशी कार्यशाळा, जिला ‘फॅब लॅब’ म्हणतात, अमेरिकेबाहेर प्रथम निघाली ती पाबळास. तीनशें वर्षांपूर्वींच्या एका प्रेमकथेपुरतें ज्यास लोक ओळखत तें गांव एकाएकीं बोस्टनच्या पंक्तीस जाऊन बसलें. कलबाग २००३ सालीं वारले; पण त्यांचा आश्रम थांबला नाहीं.

माझ्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें याच्या पुढचें. या कार्यशाळांच्या जगभर पसरलेल्या जाळ्यांतून २००९ पासून ‘फॅब अकादमी’ नांवाचा अभ्यासक्रम चालूं झाला. व्याख्यान एके ठिकाणीं होतें आणि तें पडद्यावर निरनिराळ्या देशांत ऐकतात. हात मात्र प्रत्येकानें आपापल्या गांवीं काळे करावयाचे. त्यांतला कटाक्षाचा नियम असा कीं, विद्यार्थ्यानें दर आठवड्याचें काम स्वतःच्या पानावर, कोणासही वाचतां येईल असें, महाजालावर लिहिलें पाहिजे. आणि जें जमलें तेवढेंच नव्हे, जें फसलें तेंही. जो लिहीत नाहीं त्यानें काम केलेंच नाहीं असें धरावयाचें. ज्यास आपण ब्लॉग म्हणतों त्याचा मूळचा अर्थ, दोरी पाण्यांत टाकून गांठी मोजण्याचा, येथें पुन्हां जागा झालेला दिसतो. पाबळाहून हा अभ्यासक्रम पुरा केलेल्या तरुणांचीं पानें मीं वाचलीं आहेत. तीं इंग्रजींत आहेत, आणि तें इंग्रजी आमच्या महाविद्यालयांत नापास झालें असतें. पण कोणती तार कोठें चुकीची जोडली आणि तें कसें उमगलें, हें त्यांत इतकें स्वच्छ सांगितलेलें आहे कीं, माझ्यासारख्या यंत्रांत अडाणी माणसासही समजलें. फक्त एकच हळहळ वाटली: हें मराठींत कां नाहीं? ‘यारी’ खोडणारे मास्तर वेगळा वेष घेऊन अजून आपल्यांतच आहेत, हें त्याचें उत्तर असावें.

मग मार्च २०२० आला आणि शाळा-महाविद्यालयांचीं दारें बंद झालीं. तोंवर जें थोड्या हौशी शिक्षकांचें काम होतें तें एका रात्रींत सर्वांचें कर्तव्य झालें. सरकारनें ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा केली. सह्याद्रि वाहिनीवर २० जुलैपासून ‘टिलीमिली’ ही लहान मुलांसाठींची माला लागली. पाठ्यपुस्तकांत चौकोनी संकेतचिन्हें छापून त्यांतून पाठाचीं चित्रें व ध्वनि उघडण्याची युक्ति सोलापूर जिल्ह्यांतील रणजितसिंह डिसले या प्राथमिक शिक्षकांनीं पूर्वींच अमलांत आणिली होती. त्यांस त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जागतिक शिक्षक-पुरस्कार मिळाला व आपणां सर्वांची मान ताठ झाली.

मान ताठ झाली तरी पाय कोठें होते तेंही सांगितलें पाहिजे. मी घरच्या खोलींत बसून पडद्यावरल्या साठ काळ्या चौकोनांस केशवसुतांचें युग समजावून देत असें. एकदां मधेंच एका चौकोनांतून बैलाच्या घुंगरांचा आवाज आला. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, दौंड तालुक्यांतला तो विद्यार्थी घरीं रेंज येत नाहीं म्हणून रोज कालव्याच्या भरावावर येऊन बसतो, आणि घरांत मोबाईल एकच असल्यामुळें धाकटी बहीण शेजारीं आपल्या तासाची वाट पाहत असते. साखर कारखान्यांच्या हंगामांत ऊंसतोडीस आलेल्यांचीं मुलें तर ह्या हिशेबांतही नव्हतीं. केडगांवच्या खिळ्यांच्या पेटीजवळ जागा मिळण्यास दुष्काळांतून वांचणें पुरेसें होतें. येथें आणखी पुष्कळ कांहीं लागत होतें.

त्या वर्षींच्या परीक्षांविषयीं न बोललेलें बरें. घरबसल्या लिहिलेल्या उत्तरपत्रिका आल्या, त्यांत सतरा जणांनीं एकच चूक, त्याच ओळींत, त्याच स्वल्पविरामासह केली होती. मीं ती वर कळविली. ‘गुण द्या आणि मोकळे व्हा,’ असें सांगण्यांत आलें. मीं गुण दिले. त्याचा पश्चात्ताप म्हणून म्हणा, पुढच्या वर्षापासून माझ्या वर्गास मीं रोजनिशी लावली: आठवड्यास एक पान, मराठींत, स्वतः केलेल्या कामाचें, वर्गांतल्या सर्वांस संगणकावर वाचतां येईल असें.

पहिलें वर्ष बरें गेलें. नंतर, २०२२ च्या नोव्हेंबरांत, प्रश्न विचारतांच निबंध लिहून देणारें यंत्र अमेरिकेंत सर्वांस खुलें झालें, आणि वर्षाभराच्या आंत त्याची सावली आमच्या वर्गावर पडली. रोजनिशा एकाएकीं शुद्ध लिहिलेल्या येऊं लागल्या. भीमेकांठच्या एका विद्यार्थ्यानें नदीवरील सकाळ वर्णिली, तींत दंव होतें, सोनेरी किरणें होतीं, मनास मिळणारी शांति होती. वाळूचे ट्रॅक्टर नव्हते, जलपर्णी नव्हती, वास नव्हता. मीं त्यास बोलावून विचारलें, ‘नदीवर शेवटचा कधीं गेला होतास?’ तो प्रामाणिकपणें म्हणाला, ‘सर, आमचें घरच नदीवर आहे. पण असलें काय लिहायचं?’ त्यास बोल लावण्यास माझी जीभ रेटेना. आमचे मास्तर जें हातानें करीत तेंच यंत्र झटक्यांत करीत होतें. ‘यारी’ खोडून ‘यंत्र’ लिहीत होतें, आणि शेवटीं जीवनाचें एक वाक्य घालीत होतें.

त्याच वर्गांत शिरूर तालुक्यांतली एक मुलगी होती. वडिलांनीं कांद्याची चाळ बांधली होती, व त्या उन्हाळ्यांत कांदा फार सडला. तिनें आठ आठवडे एकाच विषयावर लिहिलें. चाळीच्या दोन्ही टोकांस आणि मध्यें थर्मामीटर टांगून ती रोज दोनदां आंकडे घेई. कोणत्या कप्प्यांतून किती पाट्या सडका कांदा निघाला तें मांडी. वाक्यें तुटक, ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद. पांचव्या आठवड्यांत तिनें लिहिलें कीं, आपला मूळचा अंदाज चुकला. उष्णतेपेक्षां खालून हवा न खेळणें हेंच कारण दिसतें, आणि हें वडिलांस सांगितलें तर त्यांनीं ऐकून घेतलें नाहीं. सातव्या आठवड्यांत तिच्या घरीं शेजारच्या गांवचा एक शेतकरी मोटारसायकलवरून आला. त्याच्या मुलानें तें पान त्यास वाचून दाखविलें होतें. चाळ पाहून, खालच्या बांबूंतलें अंतर दोरीनें मोजून तो गेला. वडिलांनीं त्या दिवसापासून मुलीस थर्मामीटरावरून बोलणें सोडलें, एवढें तिनें आठव्या पानावर नोंदविलें आहे. चाळ दुरुस्त केली कीं नाहीं तें नोंदविलेलें नाहीं.

मीं तिला पैकीच्या पैकी गुण दिले. सहकाऱ्यांपैकीं एकानें विचारलें कीं, इतक्या अशुद्ध मराठीस इतके गुण साहित्याच्या विषयांत कसे देतां येतात. प्रश्न रास्त आहे. त्याचें समाधान होईल असें उत्तर मला त्या वेळीं देतां आलें नाहीं, आणि आजही देतां येईल अशी खात्री नाहीं. शुद्धलेखन मी शिकवितोंच, आणि तें यावें असा माझा आग्रहही आहे. केडगांवच्या जुळारणींस तें आल्यावांचून चाललें नसतें. परंतु आधीं काय आणि मागून काय, याचा क्रम आम्हीं शिक्षकांनीं फार दिवस उलटा लावला, एवढें मला दिसतें.

दौंडाहून परत आल्यावर त्या गुऱ्हाळाच्या मुलाचें पान मीं शोधून काढलें. इंजिनाचें एक चित्र त्यानें हातानें काढून घातलें होतें, पट्ट्याची लांबी आणि दोन्ही चाकांचे व्यास दिले होते. चाकें एका रेषेंत नसावींत असा त्याचा तर्क होता, व तो तपासण्यासाठीं त्यानें दोरी धरून पाहिली होती. रेषा सरळ निघाली. म्हणजे कारण दुसरेंच कांहीं आहे, असें लिहून त्यानें तारीख घातली होती. खालीं वर्गांतल्या कोणा मुलीनें विचारलें होतें कीं, पट्टा सकाळीं सुटतो कीं दुपारीं? त्यास त्याचें उत्तर मीं पाहिलें तोंवर आलेलें नव्हतें.